दोन दारांच्या मध्ये

थोरलीने खाली वाकून दाराच्या फटीत सापडलेला कापडी पिशवीचा बंद ओढून काढला. त्याबरोबर मागचं दार खट्‌कन बसलं, वरचा लाल दिवा जाऊन हिरवा लागला आणि पुढचं दार मोकळं झालं. आत उभी असलेली नवी विद्यार्थिनी घामाघूम झाली होती.

"किती वेळ उभी आहेस अशी?"

"बराच वेळ, मॅडम. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मी हे पुढचं दार ढकलून ढकलून दमले."

"सगळे पुढचंच ढकलतात," थोरली म्हणाली. "इथे अडकलं की पुढे बघायचं नाही. मागे बघायचं, आणि खाली बघायचं. काहीतरी राहून गेलेलं असतं."

पेशी वाढवण्याच्या खोलीत शिरायचं तर या दोन दारांच्या मधल्या कपाटाएवढ्या जागेतून जावं लागे. मागचं दार पुरतं लागल्याशिवाय पुढचं उघडत नसे, म्हणजे बाहेरची धूळ आत जायची सोयच नाही. नवीन येणारा प्रत्येक जण एकदा तरी इथे अडकायचा. कुणाची ओढणी, कुणाच्या बुटाची नाडी, एकदा तर स्वतः विभागप्रमुखांचा कोट. त्यांनी तावातावाने दार बदलायची मागणी केली होती. थोरलीने त्यांच्या कोटाचं टोक सोडवून त्यांच्या हातात दिलं, तेव्हा ती मागणी त्यांनीच मागे घेतली.

घरात ती मोठी सून, म्हणून थोरली. प्रयोगशाळेत ती मॅडम होती, आणि तिच्या कामाचं नाव पाहुण्यांसमोर काढलं की पाहुणे चहाच्या कपात बघू लागत. पुरुषाच्या वृषणात ज्या बारीक नळ्यांमध्ये शुक्राणू तयार होतात, त्या नळ्यांच्या आत पेशींची एक भिंत असते. थोरली त्या भिंतीचा अभ्यास करत होती. ती लोकांना सांगायची ते असं: शरीर अगदी लहानपणीच आपलं कोण आणि परकं कोण हे ठरवून मोकळं होतं. शुक्राणू येतात वयात आल्यावर, म्हणजे फार उशिरा. रक्तातले पहारेकरी त्यांना ओळखतच नाहीत, दिसले की चोर समजून धरतात. आपल्याच घरात परके. म्हणून सांभाळणाऱ्या काही पेशी एकमेकींना घट्ट धरून त्यांच्याभोवती भिंत घालतात. आणि वाढत्या पेशीला त्या भिंतीतून आत घ्यायचं झालं तर आधी तिच्या मागे नवा सांधा जुळवतात, तो पक्का झाला की मगच पुढचा सैल करतात. भिंत क्षणभरही उघडी राहत नाही. दोन दारांची ही खोली बांधणाऱ्या इंजिनीअरला वाटत असेल, आपण काय अक्कल लढवली.

तो सांधा ज्या प्रथिनाने जुळतो, ते बनवणारं एक जनुक आहे. ते जागं असलं तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या कडेने हिरवी चमकती रेघ दिसते. ते बिघडलेलं असलं तर रेघ नाही, भिंत नाही, आणि पुढे काहीच नाही.

थोरली त्या दिवशी हिरव्या रेघा बघत बसली होती तेव्हा धाकट्या जावेचा फोन आला.

"ताई, तारीख मिळाली. पुढच्या आठवड्यात. बेंबीपाशी भोक पाडून आत दुर्बीण घालणार म्हणे. भूल देऊन."

"पण मागच्या तपासणीत तर काही निघालं नव्हतं ना?"

"तेच तर. काही निघालं नाही, म्हणून आता आत जाऊन शोधणार." ती हसली, पण ते हसणं लगेच विरलं. "मागच्या वेळी गर्भाशयात रंग सोडून बघितलं तेव्हाच माझा जीव गेला होता. दोन दिवस उठता येत नव्हतं."

"आणि भावजींची तपासणी?"

"त्यांची कशाला? डॉक्टरांनी सांगितली होती, पण हे म्हणाले, मी धडधाकट आहे, पुढच्या वेळी बघू. आईंचं म्हणणं, आमच्या घरातल्या पुरुषांत कधी काही नव्हतं." मग तिने आवाज खाली आणला. "ताई, एक विचारू? तुमचं झालं होतं तेव्हा तुम्हाला फार दुखलं होतं का?"

थोरलीचं बोट सूक्ष्मदर्शकाच्या चाकावर होतं. ते जरा जास्तच फिरलं आणि समोरची हिरवी रेघ पार पुसट झाली.

"नंतर बोलू," ती म्हणाली. "तू घाबरू नकोस. नंतर सविस्तर बोलू."

थोरलीचं काही झालंच नव्हतं. तिच्या शरीरात कसलाही दोष नव्हता. दोष होता तो तिच्या नवऱ्यात, आणि तो नेमका त्याच सांध्याच्या जनुकात निघावा हा योगायोग नव्हता. त्याचा अहवाल हातात पडला, तेव्हा फुप्फुसावरचं काम सोडून तिने हा विषय मागून घेतला होता. पण अहवाल आला त्या आठवड्यात सासूबाईंनी जेवताना सरळ विचारलं होतं, काय म्हणाले डॉक्टर? नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याच्या तोंडाकडे बघवेना. थोरलीने मिठाची वाटी पुढे करावी तितक्या सहज सांगून टाकलं, "माझ्यात दोष आहे, आई." आणि रात्री तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, तेव्हा तिने शब्द दिला, माझ्या तोंडून हे कधी बाहेर पडणार नाही.

लोक याला त्याग म्हणतील. थोरलीला तो शब्द आवडत नसे. खरं म्हणजे तिला तेव्हा अभिमान वाटला होता, मी सोसू शकते, बघा. मोठेपणाची हौस माणसाकडून काय काय करवून घेते. सात वर्षं तिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि ताठ मानेने खाल्ला. सासूबाई तिला बारशांना बोलवत नसत, ती जात नसे. त्या आल्यागेल्यासमोर सुस्कारा सोडत, ती पंख्याचा वेग वाढवून देई. पण परवा धाकटीसमोर सासूबाई म्हणाल्या होत्या, "एक दात किडका निघाला की शेजारचाही किडतोच." धाकटीने मान खाली घातली. तेव्हापासून थोरलीला रात्री झोप लागत नव्हती. आपण कुणासाठी भिंत झालो, आणि तिच्या पलीकडे कोण चिरडलं जातंय, हे तिला आता दिसत होतं.

नवरा जलतरण तलावावर पोहायला शिकवायचा. अख्खं गाव त्याला मास्तर म्हणे. गल्लीतली निम्मी पोरं त्याच्या हातांवर पहिल्यांदा तरंगली होती. संध्याकाळी थोरली तलावावर गेली तेव्हा काठावर एक जाडजूड गृहस्थ दांडी धरून उभे होते आणि मास्तर पाण्यातून त्यांना बोलावत होता.

"साहेब, काठावर उभं राहून आजवर कुणाला पोहता आलंय?"

"पाणी गार आहे हो."

"आत आलात की लागत नाही. बाहेरच्यालाच गार लागतं."

गृहस्थ हलेनात. मास्तरने मागे उभ्या असलेल्या आपल्या मदतनीसाला डोळ्याने खुणावलं. पुढच्या क्षणी मोठा धबाका उडाला, आणि गृहस्थ खोकत, शिव्या देत, हसत वर आले. मास्तर त्यांच्या पाठीखाली हात धरून उभा होता. ते तरंगत होते.

पोहणारे गेल्यावर दोघं काठावर पाय सोडून बसली. थोरलीने धाकटीच्या फोनबद्दल सांगितलं. मास्तर टॉवेलने कान पुसत राहिला.

"धाकट्याला नसेलही काही," तो शेवटी म्हणाला.

"नसेलही. असेलही. सख्खे भाऊ आहात, चारात एक एवढी शक्यता आहे. त्याची तपासणी म्हणजे काय, एक डबी भरून द्यायची. तिचं पोट फाडणार आहेत."

"फाडणार नाहीत, भोकं पाडणार."

थोरलीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मास्तरने टॉवेल खाली ठेवला.

"मी त्याला काय म्हणून सांगू?"

"दादा म्हणून."

"त्याला सांगितलं की आईला कळणार. अगं, इतकी वर्षं झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तुझी आहे, पण आत बोटं कुणाची चेंगरतायत? इतके दिवस माझी होती. मी माझ्या मर्जीने दिली होती. तिची कुणी विचारून घेतलीत?"

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता आणि पाळीन. माझ्या तोंडून निघणार नाही." ती उठली आणि चपला पायात सरकवत म्हणाली, "तुझ्या तोंडून निघेल."

रविवारी सांगतो, असं तो म्हणाला. रविवारी आईकडे गेला, जेवला, भावाबरोबर क्रिकेट बघितलं, माळ्यावरचा जुना पंखा काढून दुरुस्त केला आणि परत आला. "पंखा मस्त चालतोय," त्याने सांगितलं.  थोरलीने त्याला जेवायलाही वाढलं. पण त्या रात्री तिने एक गोष्ट ठरवून टाकली.

त्याच आठवड्यात, धाकटीच्या तारखेच्या आधी, संस्थेचा खुला दिवस होता. वर्षातून एकदा बाहेरच्या लोकांना प्रयोगशाळा बघायला सोडत. विभागप्रमुखांनी टेबलांची वाटणी सांगितली आणि थोरलीपाशी येऊन घसा साफ केला.

"तुम्ही यंदा डोळ्याच्या पेशी ठेवा. रंगीत दिसतात, मुलांना आवडतात."

"माझं काम डोळ्यावर नाही, सर."

"ते ठाऊक आहे हो. पण तुमचा विषय जरा... पुरुषांचं ते. समजून घ्या. लोक कुटुंब घेऊन येतात."

"कुटुंबं तिथूनच येतात, सर."

प्रमुखांनी इकडेतिकडे पाहिलं. मागे कुणीतरी हसू दाबलं.

"मागच्या वर्षी गर्भाशयाची तीन चित्रं होती," थोरली म्हणाली, "प्रवेशद्वारातच, पुरुषभर उंचीची. तेव्हा कुटुंबं आली नव्हती का? बाईचं सगळं भिंतीवर टांगायला चालतं. माझं टेबल लागेल. पेशींच्या खोलीची फेरीही मीच घेईन. तुम्हाला पाहिजे तर दारावर लिहा, लाजणाऱ्यांनी डोळे मिटावेत."

टेबल लागलं. तिने सासरच्या सगळ्यांना बोलावलं होतं. सासूबाई यायला तयार होतील असं तिला वाटलं नव्हतं, पण त्या आल्या. "इतकी वर्षं ही जाते तरी कुठे, एकदा बघू," असं त्या रिक्षात म्हणाल्याचं धाकटीने नंतर सांगितलं. धाकटा फोनवर बोलत बोलतच आत शिरला. तो विम्याच्या कचेरीत होता आणि समोरच्या माणसाचं म्हणणं पुरं व्हायच्या आत त्याच्याकडे उत्तर असे. मास्तर सर्वांत मागे होता. थोरलीचं टेबल दिसलं तसा तो आणखी मागे राहिला.

थोरलीने सांगितलं ते सगळ्यांना सांगायची तेच. उशिरा आलेले, न ओळखणारे पहारेकरी, भिंत, आधी मागचा सांधा मग पुढचा. तिने कुणाचं नाव घेतलं नाही. धाकटी मात्र टेबलावर दोन्ही हात टेकून ऐकत होती.

"आणि ताई, ही भिंत झालीच नाही तर?"

"तर शुक्राणू तयार होत नाहीत. एकही नाही."

"पण माणूस आजारी दिसतो का?"

"मुळीच नाही. धडधाकट असतो. पोहतो, धावतो, मिशीला पीळ देतो. तपासल्याशिवाय त्याला स्वतःलाही कळत नाही."

धाकट्याने फोनमधून मान वर केली. "म्हणजे वहिनी, असे कितीसे असणार? लाखात एखादा."

"लाखात थोडे," थोरली म्हणाली. "पण एखाद्या घरात दोन. आईवडील दोघांकडून बिघडलेली एकेक प्रत आली तर मुलात उतरतं. त्यात आईवडिलांचा काही दोष नाही. त्यांना माहीतही नसतं."

"घरात दोन म्हणजे, भावाभावांत?" धाकटीने विचारलं.

"हो, भावाभावांत."

मास्तर आग विझवण्याच्या नळीशेजारची पाटी वाचत होता. सासूबाईंनी पर्स छातीशी धरली. "आमच्या घरात असलं काही नाही," त्या म्हणाल्या. "चला, आतली खोली दाखवणार होतीस ना? गुडघे दुखायला लागलेत माझे."

पांढरे कोट, डोक्याला टोप्या, पायांत निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. सासूबाई टोपीत नाटकातल्या डॉक्टरीणबाईंसारख्या दिसत होत्या आणि ते त्यांना आवडलंही होतं, कारण काचेत त्यांनी दोनदा पाहिलं. जागा चौघांची होती. तरी थोरलीने स्वतःसकट पाचही जणांना एकदमच घेतलं. आधी सासूबाई, मग धाकटी, मग धाकटा आणि मास्तर, आणि शेवटी ती स्वतः. तिने पाठीने दार लोटून घेतलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

वर लाल दिवा लागला. सगळे पुढच्या दाराकडे बघू लागले.

"उघडत का नाही?" धाकटा म्हणाला.

"थोडा वेळ लागतो कधी कधी."

धाकट्याने दार ढकलून बघितलं. मग खांद्याने ढकललं. मग भिंतीवरच्या काचेआडच्या बटणाकडे हात नेला.

"ते दाबू नका, भावजी. सगळ्या इमारतीत भोंगा वाजेल, आग लागल्यासारखा. आज दोनशे पोरं आहेत खाली."

त्याने हात मागे घेतला. इथे फोनही लागत नव्हता. करायला काहीच उरलं नाही तसा तो लाल दिव्याकडे बघत राहिला.  सासूबाईंनी टोपी सारखी केली.

"मागच्या दाराला काही अडकलंय का बघ," मास्तर म्हणाला. या दारांच्या गोष्टी त्याने घरी पुष्कळदा ऐकल्या होत्या.

"बघितलं," थोरली म्हणाली.

मास्तरने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर काढली नाही. सात वर्षांत ती त्याच्याकडे पुष्कळदा प्रेमाने बघायची, कधी रागाने, कधी कीव येऊन. आज यांतलं काही नव्हतं. पाण्यातल्या माणसाने काठावरच्याकडे बघावं तशी ती बघत होती.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "मी तुम्हाला परवा फोनवर विचारलं होतं ते राहूनच गेलं. तुमच्या ऑपरेशनच्या वेळी टाके किती दिवस दुखले?"

थोरलीने ओठ मिटलेलेच ठेवले. उत्तराची वाट बघत धाकटी थांबली, मग सासूबाईही तिच्याकडे बघू लागल्या. दिवा लालच होता.

"तिचं ऑपरेशन झालेलंच नाही," मास्तर म्हणाला.

त्याचा आवाज तलावाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायचा, आज तो टोपीच्या दोरीत अडकल्यासारखा निघाला. त्याने टोपीच काढून टाकली.

"आई, हिच्यात काही नाही. कधीच नव्हतं. दोष माझ्यात आहे. ती मघाशी सांगत होती ना, भिंत होत नाही ते, ते माझं आहे. पहिल्यापासून मला माहीत आहे."

कुणी हललं नाही. हलायला जागाही नव्हती.

"हे तू आत्ता सांगतोस?" सासूबाई म्हणाल्या. "इथे?"

"दुसरीकडे सांगितलं असतं तर तू उठून आतल्या खोलीत गेली असतीस." तो जवळजवळ हसला, आणि मग त्याचे डोळे भरले. "आणि मीही. मी तर पंखा दुरुस्त करत बसलो."

"दादा, पण म्हणजे," धाकट्याने सुरुवात केली आणि पहिल्यांदाच त्याला पुढचं वाक्य सापडेना. "पण माझं तर तसं काही... मी धडधाकट आहे."

"मीपण आहे," मास्तर म्हणाला. "दोन तास पोहतो मी रोज."

धाकटीने आपल्या टोपीतून सुटलेले केस आत खोचले. ती रडेल असं थोरलीला वाटलं होतं. ती रडली नाही. ती नवऱ्याकडे वळली. त्या जागेत वळायचं म्हणजे सगळ्यांना थोडं थोडं सरकावं लागलं, आणि सगळे सरकले.

"माझी तारीख मी रद्द करतेय," ती म्हणाली. "आधी तुमची तपासणी होईल. तुमच्यात काही निघालं नाही तर पुढचं बघू. पण आता आधी मी नाही झोपणार त्या टेबलावर."

"घरी जाऊन बोलू ना," धाकटा पुटपुटला.

"बोलून झालं."

सासूबाईंचा चेहरा पांढऱ्या टोपीखाली पांढरा झाला होता. त्या थोरलीकडे बघत होत्या. किडक्या दाताचं त्यांना आठवत असेल का, की बारशांचं, हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"आणि तू?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी तुला वाटेल ते बोलले. तू ऐकून घेतलंस?"

"घेतलं," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिच्याच अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "ती माझी चूक होती, आई. मला वाटलं, मी एकटीच सोसतेय, त्यात कुणाचं काय जातं? पण माझ्यामुळे तुम्हाला सवय लागली. आता मी ऐकून घेणार नाही. माझ्याबद्दल नाही आणि हिच्याबद्दल तर मुळीच नाही."

 थोरली थांबली. पुढचा शब्द सासूबाईंनी बोलायचा होता, आणि त्यासाठी उभं राहायची तिची तयारी होती. पाय दुखत होता, पण सात वर्षांपुढे तो काय दुखणार.

"पाणी आहे का कुणाकडे?" सासूबाई म्हणाल्या. कुणाकडे नव्हतं. त्यांनी भिंतीला हात टेकला. धाकटीने त्यांचा दुसरा हात धरला आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही. त्या थोरल्या मुलाला म्हणाल्या, "वेड्या, मला तरी सांगायचंस." आणि मग, कुणाकडेही न बघता, "बिघडलेली एकेक प्रत म्हणालीस ना. म्हणजे एक माझी."

"दोष नाही म्हणाले ना मी, आई."

"ऐकलं मी. माझे गुडघे गेलेत, कान नाही गेले."

तेव्हा थोरलीने निळ्या पिशवीतली आपली टाच मागच्या दारातून काढून घेतली.

खट्‌ आवाज झाला. हिरवा दिवा लागला. मास्तरने खाली बघितलं, तिच्या टाचेकडे, पिशवीवर उमटलेल्या दाराच्या कडेच्या वळाकडे. मग वर तिच्याकडे.

"ढकललंस तू मला," तो हळूच म्हणाला.

"पाठीखाली हात होता माझा," ती म्हणाली.

पुढचं दार मोकळं झालं होतं, तरी कुणी पाऊल उचललं नाही. आतल्या अंधारात सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर एका पेशीला लागून दुसरी, तिला लागून तिसरी, अशा पेशी दिसत होत्या आणि त्यांच्या कडेने हिरवी रेघ चमकत होती. सासूबाईंनी डोक्यावरची टोपी घट्ट केली, धाकट्याच्या कोटाची बाही धरली आणि त्याला आपल्या पुढे काढलं.

"तू हो पुढे," त्या म्हणाल्या. "आधी तू बघ."